'द इंग्लिश गेम' आणि गायब झालेलं ऑलिम्पिक

२० मार्च २०२० ला नेटफ्लिक्सवर 'द इंग्लिश गेम' ही सहा भागांची मालिका आली आणि तीनच दिवसांनी इंग्लंडात लॉकडाउन लागला. नातवाची शाळा बंद, त्याचं रविवारचं फुटबॉल बंद, आमचं मंडळाचं गुढीपाडव्याचं स्नेहसंमेलन बंद. मग काय, रात्री जेवणं झाली की आजोबा आणि नातू सोफ्यावर बसून १८७९ सालचं फुटबॉल बघत. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला ते ढगळ पायजम्यासारखे कपडे, बिनाजाळीचे गोलपोस्ट आणि गळ्यात टाय घालून खेळाडूंना चिअर करणारे लोक बघून सारखं हसू यायचं. पण तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत तो पुरता गुंतला. शेवटच्या भागात ब्लॅकबर्नने कप जिंकला तेव्हा सोफ्यावर उभा राहून ओरडला. आम्ही राहतो ते प्रेस्टनजवळ, ब्लॅकबर्न इथून गाडीने अर्ध्या तासावर, त्यामुळे तो विजय त्याने जवळजवळ घरचाच मानला.

दुसऱ्या दिवशी बागेत झाडांना पाणी घालताना कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला (दोन मीटरचं अंतर राखून) त्याने ही बातमी सांगितली. "ब्लॅकबर्न रोव्हर्सने १८८३ चा कप जिंकला, माहीत आहे?" शेजारी लँकेशरचा अस्सल, जन्म गिरणीच्या गल्लीतला. त्याने पाईप तोंडातून काढला आणि शांतपणे म्हणाला, "रोव्हर्सने नाही बाळा, ऑलिम्पिकने." आणि पुन्हा गुलाबांकडे वळला.

ऑलिम्पिक? आम्ही दोघंही आत आलो. मालिकेत तर या नावाचा कुठे उच्चारही नव्हता. तिथून मी जे वाचायला लागलो ते अजून वाचतोच आहे, आणि आज त्या मालिकेबद्दल लिहायला बसलो आहे तेही त्या एका शब्दामुळेच.

आधी मालिकेबद्दल जे चांगलं ते सांगून टाकतो, म्हणजे मग भांडायला मोकळा. निर्माता-लेखक ज्युलियन फेलोज. 'गॉसफर्ड पार्क'च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं आणि 'डाउनटन ॲबी' तर आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत बघून झालेली आहे. हवेल्या, मेजवान्या, खाली स्वयंपाकघरात कुजबुजणारे नोकर, हा त्यांचा हातखंडा. इथे त्यांनी त्या हवेलीसमोर एक गिरणी उभी केली. एका बाजूला लॉर्डाचा मुलगा आर्थर किनेर्ड, बँकर, ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड इटोनियन्स संघाचा आधारस्तंभ. दुसऱ्या बाजूला ग्लासगोहून लँकेशरच्या डार्वेन गावात आलेला फर्गस सूटर, व्यवसायाने पाथरवट, गिरणीमालकाकडून गुपचूप पैसे घेऊन फुटबॉल खेळणारा. (त्या वेळी खेळण्यासाठी पैसे घेणं हा गुन्हाच मानला जायचा, सभ्य गृहस्थाने हौसेखातर खेळावं अशी रीत.) किनेर्डच्या भूमिकेत एडवर्ड होलक्रॉफ्ट आहे. त्याच्या चेहऱ्यावर बड्या घरातल्या मुलाचा तो एक सहज ताठा आहे, जो भाग पुढे सरकतात तसा हळूहळू उतरत जातो. ते काम त्याने फार संयमाने केलं आहे. त्याची बायको आल्मा हिचं बाळ गमावण्याचं दुःखही मालिकेने सवंग न करता दाखवलं आहे. गिरणीतले प्रसंग, धूर, विटांची घरं, पावसाने काळी झालेली रस्त्यांची फरशी, सगळं डोळ्यांत भरतं.

आणि डार्वेनचा तो पहिला मोठा सामना तर खराच तसा झाला होता, किंबहुना मालिकेत दाखवला त्याहून नाट्यमय. १८७९ साली कपाच्या उपांत्यपूर्व फेरीत डार्वेनचे गिरणीकामगार लंडनला ओव्हलवर ओल्ड इटोनियन्सशी खेळले. पंधरा मिनिटं उरली असताना ते १-५ असे मागे होते. त्या पंधरा मिनिटांत त्यांनी चार गोल केले आणि सामना ५-५ असा बरोबरीत सुटला. साहेबांनी जादा वेळ खेळायला नकार दिला. फेरसामना पुन्हा लंडनलाच. गावकऱ्यांनी वर्गणी काढून पोरांना परत पाठवलं. तो २-२. तिसरा सामना, तोही लंडनला. कामावरून सुट्टी, रात्रीचा गाडीचा प्रवास, आणि समोर घरच्या मैदानावर ताजेतवाने साहेब. डार्वेन २-६ असं हरलं. आमच्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी मागायला येणारी पोरं मला त्या वेळी आठवली. 'या वर्षी कबड्डीला संघ पाठवायचाय काका, बघा काही जमतंय का.' वर्गणीवर चालणारा संघ म्हणजे काय हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता भांडणाकडे येतो.

मालिकेत सूटर डार्वेन सोडून 'ब्लॅकबर्न' नावाच्या संघाकडे जातो आणि १८८३ च्या अंतिम सामन्यात त्याचा संघ किनेर्डच्या ओल्ड इटोनियन्सना हरवतो. खरी हकीकत अशी. सूटर १८८० मध्ये गेला तो ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे. रोव्हर्स १८८२ च्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सशी खेळले आणि ०-१ असे हरले. त्या सामन्यानंतर किनेर्डने मैदानात आनंदाने हातांवर उभं राहून दाखवलं, असं सांगतात. (मालिकेच्या किनेर्डकडून असा पोरकटपणा होणं शक्यच नाही, इतका तो गंभीर आहे. खरा माणूस जास्त मजेशीर होता.) १८८३ मध्ये रोव्हर्स अंतिम फेरीत पोचलेच नाहीत. त्यांना दुसऱ्या फेरीतच गारद केलं कोणी, तर डार्वेनने! म्हणजे सूटर ज्यांना सोडून गेला त्यांनीच. एवढी तयार गोष्ट इतिहासाने ताटात वाढून ठेवलेली असताना पटकथाकाराला ती उचलावीशी वाटली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

३१ मार्च १८८३ ला ओव्हलवर ओल्ड इटोनियन्ससमोर उतरला तो ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. सूटर त्या मैदानात नव्हता.

या ऑलिम्पिकचं आयुष्य अवघं अकरा वर्षांचं. १८७८ साली ब्लॅकबर्नमधल्या ब्लॅक स्टार आणि जेम्स स्ट्रीट या दोन गल्लीतल्या संघांनी एकत्र येऊन तो काढला. ग्रीसमध्ये त्या सुमारास प्राचीन ऑलिंपियाचं उत्खनन चाललं होतं, वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येत, आणि त्यावरून खजिनदाराला हे नाव सुचलं. गिरणीच्या धुराड्याखाली राहणाऱ्या माणसांनी आपल्या संघाला असं नाव द्यावं, यातली हौस मला फार आवडते. आमच्या चाळीतल्या सहा बाय चारच्या व्यायामशाळेचं नाव काहीतरी 'विश्व' वरून होतं. मैदान 'होल-इ-थ-वॉल' नावाच्या पबजवळचं, नावही त्या पबचंच. म्हणजे 'भिंतीतलं भोक'. सिडनी येट्स नावाच्या फाउंड्रीमालकाने पैशाची मदत केली. शेफील्डहून जॅक हंटर नावाचा अनुभवी, इंग्लंडकडून खेळलेला खेळाडू आणला. तो खेळायचाही आणि शिकवायचाही.

१८८३ च्या त्या अंतिम सामन्यातल्या अकरा जणांचे धंदे नोंदलेले आहेत आणि ते मला नावांइतकेच महत्त्वाचे वाटतात. तीन विणकर. एक सूत कातणारा. एक गिरणीतच यंत्रावर काम करणारा. एक लोखंडाच्या फाउंड्रीतला. कप्तान ॲल्बर्ट वॉरबर्टन नळकाम करणारा. एक तसबिरींच्या चौकटी बनवणारा, एक कारकून, एक दंतवैद्याचा मदतनीस. आणि हंटर पब चालवायचा. समोर लॉर्ड, वकील, बँकर होण्यासाठीच जन्मलेली मंडळी.

सामन्याआधी ऑलिम्पिकने एक अशी गोष्ट केली की लंडनच्या सभ्य लोकांच्या भुवया उंचावल्या. ते सराव करायला गेले! ब्लॅकपूलला समुद्रकाठी काही दिवस मुक्काम ठोकून. सकाळी सहाला दोन कच्ची अंडी आणि पेलाभर पोर्ट वाइन, मग वाळूवरून चालणं, न्याहारीला लापशी आणि मासे, दुपारी मटण, रात्री प्रत्येकी अर्धा डझन कालवं, असा त्यांचा आहार सांगितला जातो. आमची ही म्हणाली, "यात सराव कुठे आहे? ही तर सासुरवाडी झाली." पण साहेबांच्या दृष्टीने खेळासाठी मुद्दाम तयारी करणं हेच अखिलाडूपणाचं. ज्याला आठवड्याला साडेपाच दिवस गिरणीत उभं राहावं लागतं तो तयारी नाही करणार तर काय करणार, हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं.

उपांत्य फेरीत त्यांनी ओल्ड कार्थुसियन्सना, म्हणजे दोनच वर्षांपूर्वीच्या विजेत्यांना, ४-० असं हरवलं. अंतिम सामन्यात आधी इटोनियन्सचा गोल. उत्तरार्धात मॅथ्यूज या चौकटीवाल्याने बरोबरी साधली. इटोनियन्सचा एक जण जखमी होऊन बाहेर गेला, तेव्हा बदली खेळाडूची पद्धत नव्हती. या वेळी जादा वेळ खेळला गेला. येट्स नावाच्या विणकराने एका बाजूने चेंडू पलीकडे टाकला आणि कॉस्टली या सूत कातणाऱ्याने तो गोलमध्ये मारला. २-१. कप पहिल्यांदा उत्तरेत आला, पहिल्यांदा कामगारांच्या हाती आला. त्यानंतर हौशी साहेबांच्या कोणत्याही संघाने तो कप पुन्हा कधी जिंकला नाही.

ही गोष्ट मालिकेने सूटरला देऊन टाकली.

इथे कोणी म्हणेल, अहो, मालिका म्हणजे काही पाठ्यपुस्तक नव्हे. सहा भागांत बसवायचं तर दोन संघांचा एक करावा लागतो, चार वर्षांची दोन करावी लागतात. मान्य. आपल्याकडे ऐतिहासिक नाटकांवर हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे आणि मी नेहमी नाटककाराच्या बाजूने असतो. वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिलं तेव्हा शिवाजी आणि संभाजी यांच्या मनात त्यांनी बखरींच्या पलीकडे जाऊन डोकावून पाहिलं, आणि ते त्यांनी पाहावंच. नाटककाराने मनातलं कल्पावं, संवाद रचावेत, प्रसंग मागेपुढे करावेत. पण एकाने केलेलं काम उचलून दुसऱ्याच्या नावावर घालणं वेगळं. त्यातही, ज्याच्या नावावर घातलं तो जिवंत आणि नामांकित, आणि ज्याचं काढून घेतलं त्याच्यामागे विचारायला कोणी नाही, असं असेल तर ते मला फारच खटकतं. ब्लॅकबर्न रोव्हर्सना काय कमी आहे? १८८४, १८८५, १८८६ असा लागोपाठ तीनदा त्यांनी कप जिंकला, सूटर त्या तिन्ही वेळी संघात होता. मालिका १८८४ वर संपवली असती तर काहीच खोटं सांगावं लागलं नसतं. फक्त तेव्हा समोर किनेर्ड नसता, स्कॉटलंडचा क्वीन्स पार्क असता, आणि लॉर्ड विरुद्ध पाथरवट हे शेवटचं चित्र मिळालं नसतं. त्या एका चित्रासाठी अकरा माणसांना वगळलं.

आणि हा योगायोग नाही, असं मला दुसऱ्यांदा मालिका बघताना जाणवलं. फेलोज यांच्या लिखाणात कामगारांचं भलं होतं, पण ते बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरच्या कोणाचं तरी मन वितळल्यामुळे होतं. इथेही तसंच. पैसे घेऊन खेळण्याचा सगळा तंटा मालिका अंतिम सामन्याच्या तोंडावर, आणि फार करून किनेर्डच्या मनःपरिवर्तनाच्या बळावर उरकून टाकते. प्रत्यक्षात काय झालं? १८८४ च्या जानेवारीत प्रेस्टन नॉर्थ एंडला पैसे दिल्याबद्दल कपातून बाहेर काढलं. त्यांचा व्यवस्थापक विल्यम सडेल याने लपवाछपवी न करता कबूल केलं की हो, आम्ही देतो. मग त्या वर्षाच्या शरद ऋतूत उत्तरेतल्या क्लबांनी एकत्र येऊन आपली स्वतंत्र 'ब्रिटिश फुटबॉल असोसिएशन' काढण्याची तयारी केली. आता निम्मा खेळच हातातून जातो म्हटल्यावर जुलै १८८५ मध्ये लंडनच्या असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. म्हणजे मान्यता मिळाली ती संघटनेच्या जोरावर, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून नव्हे. गिरणीकामगाराच्या घरात वाढलेल्या कोणालाही या दोन गोष्टींतला फरक कळतो.

सूटरला एकट्याने 'पासिंग'चा खेळ इंग्लंडात आणल्याचं श्रेयही मालिका देते. स्कॉटिश खेळाडूंनी तो आणला हे खरं, पण ते पुष्कळ जण होते, आणि तिकडे तर गावंच्या गावं त्या खेळात मुरलेली होती. क्लाइड नदीपलीकडचं रेंटन हे खेडंच घ्या. १८८८ साली स्कॉटिश कप जिंकलेल्या या गावाच्या संघाने इंग्लंडच्या कपविजेत्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला ४-१ असं हरवलं आणि आपल्या मैदानावर चक्क 'जगज्जेते' अशी पाटी लावली. दोन वर्षांनी नव्या स्कॉटिश लीगमधून पाच सामन्यांतच त्यांची हकालपट्टी झाली, छुप्या व्यावसायिक संघाशी खेळल्याबद्दल. त्या गावचा धंदा काय, तर 'टर्की रेड' नावाच्या पक्क्या तांबड्या रंगात कापड रंगवणं, आणि त्या कापडाची मोठी गिऱ्हाइकी मुंबईच्या बाजारात होती. त्यासाठी मोरांची, वेलबुट्टीची खास नक्षी ते छापत. कोणी तरी या गावावर मालिका काढा, मी लगेच बघीन.

रेंटनच्या तांबड्या कापडावरून आठवलं. मालिकेतली माझ्या दृष्टीने दुसरी मोठी उणीव म्हणजे त्यात हिंदुस्थान नाही. गिरणी आहे, माग आहेत, मजुरी कापल्याचा प्रसंग आहे, त्यावरचा दंगा आहे. पण ते कापड जातं कुठे हे कोणी विचारत नाही. ब्लॅकबर्न तर धोतरांचं गाव! इथल्या मागांवर 'धोती' याच नावाने कापड विणलं जायचं आणि बोटींनी मुंबई-कलकत्त्याला जायचं. १८७८ च्या वसंतात मालकांनी दहा टक्के मजुरी कापायचं ठरवलं, संप झाला, मे महिन्यात कर्नल जॅक्सन या मालकांच्या पुढाऱ्याचं घर जमावाने जाळलं. मालक म्हणत बाजार मंदा आहे. कामगार म्हणत माल जास्त झालाय, तर मजुरी कापू नका, कामाचे तास कापा. बाजार मंदा का होता? कारणं बरीच होती, पण १८७६ ते १८७८ या काळात आपल्या दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला होता हे त्यातलं एक. सोलापूर-नगरकडचा शेतकरी खडी फोडायच्या कामावर पोटासाठी जात होता, तो नवं धोतर कुठून घेणार? त्याने धोतर घेतलं नाही म्हणून ब्लॅकबर्नच्या विणकराची मजुरी कापली गेली. आणि त्याच १८७८ साली त्याच गावात ऑलिम्पिक स्थापन झालं. पुढे १८८२ मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या सुती कापडावरची जकात सरकारने पुरती उठवली. त्यामुळे लँकेशरला बरं वाटलं असेल, आपल्या कोष्ट्या-साळ्यांना नाही. दोन्हीकडची माणसं एकाच धाग्याला बांधलेली होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती.

ओळख झाली ती फार उशिरा. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आंबेगाव तालुक्यातला गिरणीकामगार बाबू गेनू उभा राहिला आणि चिरडला गेला. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी बहिष्काराने बेकार झालेल्या कामगारांना भेटायला लँकेशरला आले आणि उतरले कुठे, तर याच डार्वेनमध्ये. स्प्रिंग व्हेल भागातल्या ग्रीनफील्ड मिलबाहेर गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती गोळा होऊन हसत ओरडत आहेत, असा तो प्रसिद्ध फोटो आहे. पुष्कळांनी पाहिला असेल, पण तो डार्वेनचा हे मलाही इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

तर ऑलिम्पिकचं पुढे काय झालं? जिंकल्यावर पुढच्या वर्षी ते पुन्हा उपांत्य फेरीत गेले आणि क्वीन्स पार्ककडून ०-४ हरले. मग पैशांचा खेळ सुरू झाला. उघड पगार द्यायची वेळ आली तेव्हा ज्याच्यामागे मोठे आश्रयदाते आणि मोठी गर्दी त्याची सरशी. एका गावात दोन संघ, त्यातला रोव्हर्स श्रीमंत. १८८८ मध्ये बारा संघांची फुटबॉल लीग निघाली. नियम असा की एका गावातून एकच संघ. ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सना बोलावणं आलं, पाच वर्षांपूर्वीच्या कपविजेत्यांना नाही. ऑलिम्पिक 'कॉम्बिनेशन' नावाच्या दुय्यम स्पर्धेत शिरलं, ती वर्षभरात कोसळली. पैसे संपले, व्यावसायिक खेळाडूंना निरोप दिला, आणि सप्टेंबर १८८९ मध्ये संघ बंद झाला. ज्या पैशाच्या खेळाची वाट त्यांनी मोकळी केली त्यानेच त्यांचा घास घेतला. मालिकेने दाखवायला हवा होता तो सातवा भाग हा.

आणखी एक सांगतो. त्यांनी जिंकलेला तो छोटासा चांदीचा कप, वीस पौंडांत घडवलेला, तोही आता नाही. १८९५ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅममध्ये एका दुकानाच्या खिडकीत मांडून ठेवलेला असताना तो चोरीला गेला, पुन्हा सापडलाच नाही. त्याच्यानंतर केलेला दुसरा कप १९११ मध्ये असोसिएशनने आपल्या अध्यक्षांना, म्हणजे लॉर्ड किनेर्ड यांना, भेट म्हणून दिला. संघ गेला, मैदान गेलं (तिथे नंतर कॉलेजची इमारत झाली), कप गेला. उरलं होतं फक्त १८८३ च्या विजेत्यांच्या यादीतलं नाव. आता मालिका बघून इंग्रजी शिकणाऱ्या, फुटबॉल आवडणाऱ्या जगभरच्या लाखो लोकांच्या डोक्यात तिथेही दुसरंच काही असणार.

मला याचं एवढं का लागलं, हे माझ्या सुनेने विचारलं. प्रश्न बरोबर होता. फुटबॉल मी आयुष्यात खेळलो नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते आणि गिरणीच्या कबड्डी संघात चढाईला जात. पाळी सुटली की चाळीमागच्या मोकळ्या जागेत सराव, रात्री गॅसबत्तीच्या उजेडात सामने, जिंकले तर ढाल आणि गुलालाने माखलेले सदरे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गिरणी परत कधी नीट उघडलीच नाही. संघ कधी बंद झाला याची तर तारीखही नाही, कारण कोणी तो बंद केला नाही, माणसंच गावी निघून गेली. आता तिथे काचेचा टॉवर आहे. इतक्या दुरून एखाद्या पटकथाकाराने गिरणगावावर मालिका काढली आणि तो शेवटचा सामना दुसऱ्याच कोणा संघाच्या नावे घातला, तर 'नाही बाळा, ते आपले' म्हणून सांगणारा शेजारी त्या टॉवरमध्ये कोण असेल?

लॉकडाउन उठल्यावर मी नातवाला घेऊन ब्लॅकबर्नला त्या जागी गेलो. बघण्यासारखं काही नव्हतं. उतार, कॉलेज, पाऊस. त्याने विचारलं, "आजोबा, कॉस्टलीने गोल कुठल्या बाजूला मारला?" मी म्हटलं, अरे, तो सामना लंडनला झाला, इथे नाही. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, "पण सराव तर इथेच केला असेल ना?" आणि ओल्या फुटपाथवर बूट घासत चेंडू नसताना एक क्रॉस टाकून दाखवला.

मालिका बघा, जरूर बघा. होलक्रॉफ्टसाठी बघा, पहिल्या भागातल्या सामन्यासाठी बघा. मुलांबरोबर बघत असाल तर शेवटच्या भागानंतर टीव्ही बंद करण्याआधी अकरा नावं त्यांना वाचून दाखवा: हॅकिंग, वॉर्ड, वॉरबर्टन, गिब्सन, ॲस्टली, हंटर, ड्यूहर्स्ट, मॅथ्यूज, विल्सन, कॉस्टली, येट्स.

आणि एक वैयक्तिक विनंती. माझ्याकडे वडिलांच्या कबड्डी संघाचा १९६७ सालचा एक फोटो आहे. ढाल मध्ये ठेवून नऊ जण बसले आहेत. त्यातली चार नावं मला माहीत आहेत. आपल्या मंडळात लालबाग-परळच्या गिरण्यांत ज्यांचे वडील किंवा काका होते अशी बरीच कुटुंबं आहेत. गणपतीच्या कार्यक्रमाला मी तो फोटो बरोबर आणणार आहे, प्रसादाच्या टेबलापाशी ठेवीन. कृपया एकदा बघून जा.